ब्लॅक वॉलनटच्या (अमेरिकेतल्या अक्रोडाच्या) झाडाजवळ कोणाचे टोमॅटो जगलेत का?

गवती_चहा | २८ जून

मंडळी, मदत हवी आहे आणि थोडं रडायचंही आहे.

ओहायोत, कोलंबसच्या जरा बाहेर, जानेवारीत घर घेतलं. तेव्हा परसात बर्फ आणि झाडं नुसती खराट्यासारखी. मागच्या कोपऱ्यात एक भलंमोठं झाड होतं, त्याला मी मनातल्या मनात झोपाळाही बांधून टाकला. मे महिन्यात मदर्स डे उलटल्यावर, म्हणजे हिवाचा शेवटचा फटका टळल्यावर, सहा टोमॅटो, चार वांगी आणि चार मिरच्या लावल्या. झाडापासून तीसेक फुटांवर. वाफा दक्षिणेकडे असल्याने सावलीचा प्रश्न नाही, सहा-सात तास कडक ऊन मिळतं.

जूनच्या मध्यापर्यंत सगळं झकास. मग एका दुपारी टोमॅटोंनी मान टाकली. पानं हिरवीगार, पण झाड लोंबलेलं. तहान लागली असेल म्हणून पाणी घातलं, संध्याकाळी पुन्हा घातलं, तरी सकाळी तसंच. आज सहापैकी चार गेले. वांगी जिवंत आहेत, पण महिनाभर आहेत तेवढीच आहेत, कोणीतरी 'स्टॅच्यू' म्हटल्यासारखी.

कुंपणापलीकडच्या आजी (ऐंशीच्या पुढच्या असाव्यात) बघून गेल्या आणि म्हणाल्या, "अगं, तो वॉलनट आहे ना! त्या कोपऱ्यात कोणाचेच टोमॅटो आले नाहीत. आधीच्यांनीही दोनदा लावून पाहिले होते."

हे खरं आहे की आजींची समजूत? झाड पाडायचं नाहीये. मग काय लावू?

साबुदाणा | २८ जून

वाचते आहे. रुमाल टाकून ठेवते, माझ्याकडेही मागे असलंच काहीतरी झाड आहे.

परसदार | २८ जून

आजी बरोबर आहेत. ब्लॅक वॉलनटच्या मुळांत, कळ्यांत आणि फळाच्या हिरव्या सालीत जुग्लोन नावाचं द्रव्य असतं. झाडाच्या आत ते निरुपद्रवी रूपात असतं, हवा-माती लागली की जुग्लोन होतं. टोमॅटोला ते सहन होत नाही. पेन्सिल्व्हेनियात मी दोन वर्षं डोकं आपटून घेतलंय.

मोठ्या झाडाच्या बुंध्यापासून ५० ते ६० फुटांपर्यंत धोका धरून चालायचं. फांद्यांचा घेर संपला म्हणजे मुळं संपली असं नसतं.

चालत नाहीत: टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा, कोबी. फळांत ब्लूबेरी आणि सफरचंद. फुलांत अझेलिया, पिओनी, लायलॅक.

चालतात: कांदा, लसूण, गाजर, बीट, मका, घेवडा, भोपळावर्गीय बहुतेक सगळं.

कोथिंबीर_जुडी | २८ जून

म्हणजे टोमॅटो, वांगी, बटाटा, मिरची चारही बाद? या झाडाला आपल्या रस्साभाजीचंच वावडं दिसतंय.

गवती_चहा | २८ जून

आणि दुधी चालतो म्हणे! घरात दुधी कोणी खात नाही. झाडाने नवऱ्याशी संगनमत केलंय का उलटं, कळत नाही.

नीलपक्षी | २९ जून

आधी झाड तेच आहे ना, ते बघ. 'ट्री ऑफ हेवन' नावाचं एक चिनी तण-झाड लांबून अगदी तसंच दिसतं. फोटो टाक.

गवती_चहा | २९ जून

टाकला आहे.

नीलपक्षी | २९ जून

दिसत नाहीये.

साबुदाणा | २९ जून

मलाही नाही.

परसदार | २९ जून

फोटो राहू दे, ओळखायच्या खुणा सांगतो. एका देठावर कडुनिंबासारख्या समोरासमोर पंधरा ते तेवीस पर्णिका, आणि टोकाची एकटी पर्णिका बहुतेक नसतेच किंवा खुरटलेली असते. बारीक फांदी उभी चिरलीस तर आतला गाभा शिडीच्या पायऱ्यांसारखा कप्प्याकप्प्यांचा दिसेल. पान गळून पडल्याची खूण बघ, हुबेहूब माकडाचं तोंड असतं. ट्री ऑफ हेवनचं पान चुरगळलं तर करपलेल्या शेंगदाणा बटरचा वास येतो, वॉलनटचा तसा नाही, जरा मसालेदार उग्र.

गवती_चहा | २९ जून

माकड सापडलं. शिडीही सापडली. आणि वाळक्या पानांखाली गेल्या वर्षीची काळी पडलेली डझनभर कवचं. आता शंका नाही.

तिरफळ | ३० जून

थोडा विरोधी सूर लावतो, हलके घ्या.

टोमॅटो मेला की ब्लॅक वॉलनटवर खापर फोडायची जुनी सवय आहे. पण टोमॅटो एका आठवड्यात मान टाकतो त्याची आणखी निदान तीन कारणं असतात: फ्युझेरियम मर, व्हर्टिसिलियम मर आणि जिवाणूजन्य मर. मेलेलं झाड फेकू नकोस. बुंध्यापाशी खोड आडवं काप. काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घेऊन कापलेलं टोक त्यात लोंबतं धर. पाच मिनिटांत दुधाळ धागा उतरला तर जिवाणू. नाही उतरला तर साल जरा खरवड आणि आतल्या नळ्या तपकिरी आहेत का बघ.

रोपाच्या पाटीवर व्ही, एफ अशी अक्षरं होती का? ती त्या-त्या मर रोगाला दाद न देणारी जात असते.

परसदार | ३० जून

नळ्या तर जुग्लोननेही तपकिरी होतात, त्यावरून काय कळणार?

तिरफळ | ३० जून

नेमकं तेच म्हणतोय. नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, म्हणून सगळं वॉलनटच्या नावे खपतं.

गवती_चहा | १ जुलै

ग्लास करून पाहिला. दुधाळ काही नाही. नळ्या मात्र चहाच्या डागासारख्या. पाटी सापडली, त्यावर 'व्हीएफएन' आहे, म्हणजे व्ही आणि एफ दोन्ही (एन सूत्रकृमींसाठी).

आणि महत्त्वाचं: झाड उपटताना टोमॅटोच्या मुळांच्या जाळ्यात बोटाएवढं जाड एक काळपट मूळ निघालं. कापल्यावर आतून पिवळसर, थोड्या वेळाने तपकिरी झालं. माझ्या बोटांनाही डाग पडला, तो अजून आहे.

परसदार | १ जुलै

घ्या. गुन्हेगार हाती सापडला.

तिरफळ | १ जुलै

गुन्हेगार खोलीत सापडला एवढंच सिद्ध झालं, वकीलसाहेब. बोटाएवढं मूळ म्हणजे तुझं खत-पाणी पिणारा पंपही आहे तो.

माळरान | २ जुलै

राम राम. आपण इकडे गावाकडचे, ते झाड काही डोळ्याने पाहिलेलं नाही. पण तुम्ही ज्याच्यावर भांडता त्याला आमच्याकडे एक शब्द आहे. वसवा.

बांधावर चिंच असो, लिंब असो, त्याच्या आजूबाजूला पीक येत नाही त्याला म्हणायचं वसवा पडला. बाकी रान डोक्याएवढी ज्वारी, अन् वसव्यातली गुडघ्याएवढी. सावली असते, मुळं पाणी ओढतात, पाला पडतो, पाखरं बसून कणसं खातात, ते सगळं मिळून वसवा. आमचे आजोबा दर दोन-तीन वर्षांनी बांधाला लागून हातभर खोल चर मारायचे, झाडाची मुळं तुटायची. पुढची दोन सालं ज्वारी बरी यायची. शेजारच्याशी भांडणं पण वसव्यावरून व्हायची, झाड त्याचं अन् वसवा आमच्या रानात.

ताई, ते चर मारून बघा.

कोथिंबीर_जुडी | २ जुलै

वसवा! कित्येक वर्षांनी ऐकला हा शब्द. आमच्या आत्याच्या तोंडी असायचा.

तिरफळ | २ जुलै

माळरान, तुमच्या आजोबांना दंडवत. मला दहा ओळीत सांगता आलं नाही ते एका शब्दात आलं.

नीलपक्षी | २ जुलै

चिंचेखाली झोपू नये म्हणतात ते पण वसव्यामुळेच का?

एक_खारूताई | २ जुलै

ते हडळीमुळे.

चिंचपेटी | ३ जुलै

वनस्पतिशास्त्राची माजी विद्यार्थिनी, आता फक्त पोळ्या करते (आणि असले धागे वाचते). दोघांचंही थोडं-थोडं खरं आहे, म्हणून जरा इतिहास.

अक्रोडाची सावली वाईट ही तक्रार फार जुनी, पहिल्या शतकातल्या रोमन प्लिनीनेही लिहून ठेवली आहे. तो अर्थात युरोपातला अक्रोड. अमेरिकेतल्या ब्लॅक वॉलनटखाली काही नीट उगवत नाही अशी नोंद १८८१ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये झाली. १९२५ मध्ये मॅसी या संशोधकाने दाखवलं की टोमॅटो आणि लसूणघास वॉलनटच्या मुळांना टेकले तिथे सुकले. १९२८ मध्ये डेव्हिसने जुग्लोन वेगळं ओळखून टोमॅटोच्या खोडात टोचलं, आणि टोमॅटो मेले. एका झाडाने दुसऱ्यावर रासायनिक परिणाम करण्याला 'ॲलिलोपथी' हे नाव मोलिश या शास्त्रज्ञाने दिलं ते १९३७ मध्ये. म्हणजे नाव मागाहून आलं, बदनामी आधी.

आता तिरफळची बाजू. २०१९ मध्ये वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या लिंडा चॉकर-स्कॉट यांनी हे सगळं जुनं संशोधन तपासून विचारलं की प्रत्यक्ष बागेतला पुरावा कुठे आहे? बरेचसे प्रयोग प्रयोगशाळेतले, ताटलीत बी आणि वर जुग्लोनचं द्रावण. खोडात सुई टोचली तर बरंच काही मरेल. मातीत मात्र जुग्लोन पाण्यात फारसं विरघळत नाही, लांब जात नाही, आणि ते खाऊन जगणारे जिवाणूही असतात.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर गाजर गवत. पुण्यात १९५५ च्या सुमारास पहिल्यांदा नजरेत आलं आणि मग देशभर पसरलं. त्यातही पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं, शेजाऱ्यांना वाढू न देणारं. पण गाजर गवत माजतं ते नुसत्या विषावर नाही. एकेक झाड हजारोंनी बी टाकतं, गुरं तोंड लावत नाहीत. निसर्गात एकच हत्यार घेऊन कोणी लढत नाही.

साबुदाणा | ३ जुलै

चिंचपेटी, तुम्ही शिकवायला हवं होतं. पोळ्यांचं नुकसान झालं असतं फक्त.

शुद्धलेखन_पोलीस | ३ जुलै

ब्लॅक वॉलनटला 'काळा अक्रोड' म्हणायला काय हरकत आहे?

एक_खारूताई | ३ जुलै

हरकत नाही, पण झाडाला मराठी येत नाही.

भटक्या७७ | ५ जुलै

कॅलिफोर्नियातून एक निरीक्षण. डेव्हिस गावाच्या आसपास मैलोन्‌मैल अक्रोडाच्या बागा आणि त्यांना लागून सॉसच्या टोमॅटोची शेतं. बागेतला अक्रोड खायचा, आपला नेहमीचा, पण तो कलमी असतो. खालचा खुंट स्थानिक काळ्या अक्रोडाचा किंवा त्याच्या संकराचा. जवळ जाऊन बघा, बुंधा खाली काळा खडबडीत आणि वर एकदम पांढुरका गुळगुळीत, जणू झाडाने बूट घातलेत. म्हणजे जमिनीखाली काळाच! तरी शेजारच्या शेतातले टोमॅटो ट्रक भरभरून जातात.

परसदार | ५ जुलै

मध्ये ट्रॅक्टर जायचा रस्ता असतो की नाही? आणि तो काळा अक्रोड वेगळ्या जातीचा, हिंडसाय. शिवाय तिथे पाण्याचा हिशोब नळीने होतो, परसात बादलीने.

भटक्या७७ | ५ जुलै

रस्ता असतो, मान्य. बूट कसे वाटले ते सांगा.

जाई_जुई | ६ जुलै

मिस्टरांचं पोस्टिंग असताना श्रीनगरला तीन वर्षं होतो. तिथे अक्रोड बांधाबांधावर आणि जवळच मका, राजमा. मक्याला काही होत नाही हे वर आलंच आहे. तिथली आठवण म्हणजे सप्टेंबरात अक्रोड सोलणाऱ्या बायकांचे काळे हात. मेंदी फिकी पडते, हा रंग महिनाभर हलत नाही. झाडाच्या सालीचे तुकडे दात घासायला विकायला असायचे, दंदासा. ओठही लाल होतात त्याने.

धागाकर्ती, बोटाचा डाग निघाला का?

गवती_चहा | ६ जुलै

नाही. ऑफिसात विचारतात. मी 'मेंदी' म्हणून सांगते.

वांगीही गेली. परसदारच्या यादीतलं लावायला अजून वेळ आहे म्हणून घेवडा आणि झुकिनी पेरली.

गवती_चहा | ९ ऑक्टोबर

धागा वर काढतेय. घेवडा छान आला, झुकिनी इतकी आली की शेजारी दार उघडेनासे झाले. पण आता नवीन संकट. टेनिसच्या चेंडूएवढी हिरवी फळं रात्रंदिवस पडताहेत. शेडच्या पत्र्यावर पहाटे तीनला पडलं की वाटतं घर लुटलं. पोतीच्या पोती झालीत. यांचं करायचं काय? खाता येतात?

परसदार | ९ ऑक्टोबर

खाता येतात, पण सोपं नाही. हातमोजे घालून हिरवी साल ताजी असतानाच काढायची, नाहीतर ती काळी पडून आतल्या गराची चव बिघडते. सालीत अळ्या दिसतील, त्या सालमाशीच्या, आतल्या बियांना बहुधा काही होत नाही. मग बादलीत धुवायच्या, तरंगतील त्या फेकायच्या, आणि निदान दोन आठवडे हवेशीर जागी वाळवायच्या. फोडायला नेहमीचा अडकित्ता चालत नाही. मी गॅरेजच्या फरशीवर हातोडा वापरतो, एक मित्र गाडीखाली घालतो.

कोथिंबीर_जुडी | १० ऑक्टोबर

वरवंट्याने फोडून पाहिले. वरवंटा जिंकला, पाटा हरला. सासूबाईंचा पाटा होता. पुढचं विचारू नका.

वसंतकाका | १० ऑक्टोबर

मिझुरीत राहतो. इथे स्टॉकटन गावात हॅमन्स नावाची कंपनी १९४६ पासून हाच धंदा करते. ऑक्टोबरात गावोगावी त्यांची सोलायची यंत्रं लागतात, लोक ट्रकमधून पोती आणतात, साल काढून जे वजन भरेल त्यावर पैसे. आम्ही नातवंडांना घेऊन गेलो होतो. दिवसभर वाकून गोळा केलेल्याचे जेवणापुरते पैसे मिळाले, पण नातू अजून सांगतो. कवचही वाया जात नाही, दळून धातू घासायला वापरतात.

चव आपल्या अक्रोडासारखी समजू नका. उग्र असते, थोडी दारूत भिजवल्यासारखी. आमच्या हिने एकदा अनारशावर खसखशीऐवजी भुरभुरला. पुन्हा नाही.

साबुदाणा | १० ऑक्टोबर

अनारशावर??? काकूंना सांगा, आमचा निषेध.

वसंतकाका | १० ऑक्टोबर

ती म्हणते, खाल्ले कोणी विचारा. मी खाल्ले.

जाई_जुई | ११ ऑक्टोबर

एक काळजीचं. घरात कुत्रा असेल तर पडलेली फळं रोज उचला. बुरशी लागलेले अक्रोड खाऊन कुत्र्यांना झटके येतात, बुरशीच्या विषाने. मैत्रिणीच्या लॅब्रॅडॉरला रात्री दवाखान्यात न्यावं लागलं होतं. आणि घोडे असतील तर त्यांच्या तबेल्यात या लाकडाचा भुसा अजिबात टाकायचा नाही, खुरांना सूज येऊन लंगडतात.

एक_खारूताई | ११ ऑक्टोबर

घोडे हल्ली परसात कमीच ठेवतो आम्ही. पण नोंद घेतली.

नीलपक्षी | १२ ऑक्टोबर

झाडाचं लाकूड महाग जातं ना? बंदुकीचे दस्ते, फर्निचर? विकून टाक आणि टोमॅटो विकत घे आयुष्यभर.

परसदार | १२ ऑक्टोबर

परसातली झाडं लाकूडवाले सहसा घेत नाहीत. कोणीतरी कधीतरी खिळे ठोकलेले असतात, करवत तुटते. उलट पाडायलाच चार आकडी खर्च येतो. आणि पाडलं तरी मुळं जमिनीत कुजायला काही वर्षं लागतात, तोवर टोमॅटोचं रडगाणं चालूच.

गवती_चहा | १२ ऑक्टोबर

पाडणार नाही. झोपाळा बांधलाय. पण पुढच्या उन्हाळ्यात या विष-की-वसवा भांडणाचा निकाल लावायचा विचार आहे. प्रयोग सुचवा.

चिंचपेटी | १३ ऑक्टोबर

सोपा कर, नाहीतर जुलैत कंटाळशील. एकाच जातीची रोपं घे आणि चार जागी लाव.
एक, वाफ्यातल्या जमिनीत, गेल्या वर्षीच्याच जागी.
दोन, त्याच वाफ्यातली माती बादलीत भरून, बादली दूर ड्राइव्हवेवर.
तीन, विकतची माती कापडी पिशवीत, पण पिशवी वाफ्यावरच.
चार, घराच्या पुढच्या अंगणात, झाडापासून शक्य तितकं लांब.
मातीत विष राहत असेल तर दोन नंबर मरायला हवा.

पाला घालू नकोस म्हणजे गोंधळ नको. एरवी वॉलनटचा पाला कुजवून वापरता येतो. हवा, पाणी आणि जिवाणू मिळाले की महिन्याभरात जुग्लोन मोडतं. लाकडाचा चुरा मात्र सहा महिने तरी मुरू द्यावा.

माळरान | १३ ऑक्टोबर

आणि पाचवा नंबर चर. विसरू नका.

गवती_चहा | १७ ऑगस्ट

धागा पुन्हा वर. दहा महिने झाले, ज्यांचे रुमाल होते त्यांनी उचलावेत. प्रत्येक ठिकाणी तीन-तीन रोपं लावली होती, चर धरून पाच ठिकाणं. मे १६ ला लावली. निकाल असा:

वाफ्यातल्या जमिनीत: दोन मेली, एक ४ जुलैला आणि दुसरं त्यानंतर आठवड्याने. तिसरं जगलं, पण गुडघ्याएवढंच राहिलं आणि त्याला एकूण पाच टोमॅटो आले. वसव्यातली ज्वारी.

बादलीत, वाफ्यातलीच माती: तिन्ही जिवंत, उत्तम. आजच सार केलं.

पिशवीत: दोन उत्तम. तिसरं जुलैअखेर अचानक लोंबलं. पिशवी उचलायला गेले तर उचलेना! वॉलनटची मुळं खालच्या कापडातून आत शिरून मस्त पसरली होती. उरलेल्या दोन पिशव्या आता विटांवर ठेवल्यात.

पुढच्या अंगणात: तिन्ही ठीक, पण हरणांनी शेंडे खाल्ले. ते वेगळं दुःख.

चर: नवऱ्याने कुरकुरत वाफ्याच्या झाडाकडच्या बाजूने दीड फूट खोल चर मारला आणि त्यात जाड प्लॅस्टिक उभं घातलं. झाडाची मोठी मुळं तोडायची भीती वाटली म्हणून अगदी वाफ्याला लागून, झाडापासून दूर. त्याच्या अलीकडची तिन्ही रोपं जिवंत आहेत. मध्यम उंची, पण टोमॅटो येताहेत.

तिरफळ | १७ ऑगस्ट

बादली जगली! मातीत विष साठत नाही, सिद्ध. मुळं आली तिथेच मार बसला. पाण्याची चोरी.

परसदार | १७ ऑगस्ट

मुळं आली तिथेच मार बसला म्हणजे मुळातलं जुग्लोन! मॅसीने १९२५ मध्ये हेच दाखवलं. पाण्याची चोरी असती तर रोज पाणी घातलेल्या पिशवीतलं झाड असं एकदम मेलं असतं?

तिरफळ | १७ ऑगस्ट

पिशवी उचलेना इतकी मुळं आत असतील तर पाणी कोणाला मिळालं, सांगा.

साबुदाणा | १७ ऑगस्ट

दहा महिने थांबून आपण पुन्हा तिथेच.

चिंचपेटी | १८ ऑगस्ट

गवती_चहा, शाब्बास. तीन-तीन रोपांवर निकाल लागत नसतो हे खरं, पण तुझ्या बागेपुरतं उत्तर मिळालं की. यांना भांडू दे. पिशवीखाली विटा आणि तो चर, बास.

फक्त चर पुढच्या तीन-चार वर्षांत पुन्हा तपास. मुळं प्लॅस्टिकच्या खालून येतात.

माळरान | १८ ऑगस्ट

आजोबांना सांगितलं असतं, असते तर. अमेरिकेत चर मारला म्हणून फार हसले असते.

गवती_चहा | १८ ऑगस्ट

माळरान, नवऱ्याने तुमच्या आजोबांचं नाव घेऊनच खणलं. काय म्हणत घेतलं ते लिहीत नाही.

आणि अजून एक गंमत. बादलीतल्या एका टोमॅटोशेजारी वीतभर रोप उगवलंय. कडुनिंबासारखी पानं. खारीने शरदात बादलीतच अक्रोड पुरून ठेवलेला दिसतोय. टोमॅटो अजून ठणठणीत आहे.

एक_खारूताई | १८ ऑगस्ट

मी नाही.

परसदार | १८ ऑगस्ट

उपटू नकोस! पुढच्या महिन्यात काय होतं ते कळव.

साबुदाणा | १९ ऑगस्ट

माझं झाड शेवटी पेकॅन निघालं. त्यालाही हाच नियम का?

परसदार | १९ ऑगस्ट

पेकॅन त्याच कुळातलं, पण जुग्लोन अगदी थोडं. बहुतेकांना त्रास होत नाही. टोमॅटो लावून टाक.

तिरफळ | १९ ऑगस्ट

विटांवर.